चढण्याआधीच दोर का कापायचा?

गेल्या जूनमधली गोष्ट. धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात दहावी-बारावीच्या मुलामुलींचा गुणगौरव सोहळा होता. अशा कार्यक्रमांना मी जमेल तेव्हा जातो. एकेकाळी मीही अशाच स्टेजवर ट्रॉफी घेतली होती आणि खाली बसलेली अम्मी दुपट्ट्याने डोळे पुसत होती.

यंदाचे प्रमुख वक्ते बाहेरगावचे होते आणि बोलायला फर्डे होते. त्यांनी आधी तारिक बिन झियादची गोष्ट सांगितली. समुद्र ओलांडून स्पेनच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्याने स्वतःचीच जहाजं जाळून टाकली, आता मागे समुद्र आणि पुढे शत्रू. मग ते सिंहगडावर आले. तानाजी पडले, मावळे मागे पळू लागले, तेव्हा सूर्याजीने सांगितलं की दोर कापले आहेत. शेवटी आवाज चढवून ते म्हणाले, प्लॅन बी ठेवणारा माणूस प्लॅन ए शी बेइमानी करतो, म्हणून आजच घरी जा आणि परतीचे दोर कापून टाका. टाळ्या थांबेचनात.

कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी एक मुलगा माझ्याजवळ आला. बारावी सायन्स झालेला, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज भरलेला. म्हणाला, "भाई, मी अर्ज मागे घेतोय. बी.ए. बाहेरून करतो आणि पुण्याला जातो. फुल फोकस यूपीएससी. प्लॅन बी नाहीच ठेवायचा." त्याचे वडील शेजारी उभे होते. त्यांचा केळीचा गाडा आहे. त्यांनी मला विचारलं, "सर, आप बोलो ना, सही है क्या ये?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. गर्दी होती, वक्ते जवळच उभे होते आणि मुलाच्या डोळ्यांत चमक होती. त्या वडिलांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज इथे देतो आहे: नाही चाचा, हे बरोबर नाही. आणि आपल्या पोरांना स्टेजवरून हे शिकवणं तर मुळीच बरोबर नाही.

दोन्ही गोष्टी नीट वाचा

आधी वक्त्यांच्या त्या दोन गोष्टींकडे येऊ. दोन्ही आपल्या आहेत, म्हणूनच त्या अर्ध्या सांगणं जास्त खटकतं.

तारिक ७११ साली सुमारे ७,००० माणसं घेऊन उतरला. जहाजं जाळल्याचा उल्लेख या मोहिमेच्या सर्वांत जुन्या वृत्तांतांत नाही. तो येतो बाराव्या शतकातल्या इद्रीसीसारख्या लेखकांकडे, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. जुन्या अरबी बखरी वेगळंच सांगतात. राजा रॉडरिक मोठं सैन्य घेऊन येतोय हे कळल्यावर तारिकने आफ्रिकेतल्या मुसा बिन नुसैर यांच्याकडे मदत मागितली आणि त्यांनी आणखी ५,००० माणसं जहाजांतून पाठवली. पुढच्या वर्षी मुसा स्वतः याहून मोठी फौज घेऊन आले. समुद्रावरची ये-जा बंद झाली असती, तर ही कुमक कशी पोचली असती? तारिक जिंकला, त्यात मागच्या किनाऱ्याशी चालू राहिलेल्या संपर्काचा मोठा हात होता.

आता सिंहगड. फेब्रुवारी १६७० ची ती रात्र. प्रचलित कथेनुसार तानाजी निवडक मावळ्यांसह कड्यावरून चढले आणि सूर्याजी उरलेली माणसं घेऊन कल्याण दरवाजाच्या बाजूला थांबले होते. वक्त्यांच्या भाषेत सांगायचं, तर सूर्याजीची तुकडी हाच प्लॅन बी होता. आणि दोर कापले कधी? मावळे गडावर पोचल्यानंतर. शत्रू समोर उभा असताना, निकाल पहाटेपर्यंत लागणार असताना. त्या दोरांनीच ते वर आले होते. गडाच्या पायथ्याशी, चढण्याआधीच कुणी दोर कापला असता तर सिंहगड स्वराज्यात आला असता का?

अठरा वर्षांचा मुलगा पायथ्याशी उभा असतो. आपण त्याच्या हातात दोर द्यायचा सोडून सुरी देतो. आणि त्याची लढाई एका रात्रीची नसते, पाच, सात, कधी दहा वर्षांची असते. एका रात्रीचं शहाणपण दहा वर्षांवर लावता येत नाही.

दोर कापला जात नाही, तो दुसऱ्याच्या कमरेला बांधला जातो

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. मी स्वतः दोर कापून पाहिला आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पसमधून नोकरी मिळाली होती. असंच एक भाषण ऐकून आलो आणि ती नाकारली. तीन वर्षं पुण्यात राहिलो. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेतली खुर्ची. अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान होतं. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळतात, तेवढे तीन-चार महिने धंदा बरा. बाकी वर्ष ओढाताण. दर महिन्याला पैसे मागताना मला लाज वाटायची. अब्बा फोनवर म्हणायचे, "तू पढ, बाकी मैं देख लेतूं."

त्यांनी ते कसं 'देखलं', हे मला फार उशिरा कळलं. माझी धाकटी बहीण बारावीला माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन पास झाली होती. तिला बी.फार्म. करायचं होतं. त्या वर्षी घरात सांगितलं गेलं, भाईचं होऊ दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मी पूर्वपरीक्षा पास झालो, म्हणून मेन्ससाठी आणखी पैसे लागले. त्याच्या पुढच्या वर्षी तिचं स्थळ आलं.

मेन्समध्ये मी नापास झालो. परत आलो, आठ महिने प्रोग्रॅमिंग शिकलो आणि नोकरी मिळाली. का मिळाली? कारण इंजिनिअरिंगची डिग्री पेटीत पडलेली होती. मी समजत होतो की मी माझे सगळे दोर कापलेत. प्रत्यक्षात माझा दोर शाबूत होता. कापला गेला तो बहिणीचा.

हे तिला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिख, पर मेरा नाम मत डाल."

म्हणून मी म्हणतो की ज्याच्या घरात शेती नाही, भाड्याने दिलेलं घर नाही, पगारदार माणूस नाही, तिथे 'माझ्याकडे प्लॅन बी नाही' या वाक्याला अर्थ नसतो. प्लॅन बी असतोच. बापाचं वय, आईच्या बांगड्या, दावणीची शेळी, शाळा सोडून कामाला लागलेला भाऊ, फी न भरलेली बहीण. फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

अन्सार शेख यांचं उदाहरण प्रत्येक गुणगौरवात दिलं जातं, आणि ते दिलंच पाहिजे. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा मुलगा पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकतो आणि २०१५ च्या परीक्षेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात देशात ३६१ वा येतो. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण त्यांनीच मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलेला भाग स्टेजवर गाळला जातो: त्यांच्या भावाने शाळा सोडली आणि तो गॅरेजमध्ये कामाला लागला. त्याच्या कमाईचा घराला आधार होता. आपण अन्सारभाईंचा फोटो बॅनरवर लावतो. गॅरेजमधल्या भावाला स्टेजवर बोलावून शाल घातलेली मी तरी कधी पाहिली नाही.

पण झोकून द्यायला नको का?

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही, म्हणून त्याला नीट सामोरं गेलं पाहिजे.

पहिला मुद्दा असा की आपला समाज आधीच जरुरीपेक्षा जास्त जपून खेळतो. गॅरेज, वेल्डिंग, फळाचा गाडा, 'हाताला काम तर आहे' म्हणत पिढ्या गेल्या. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आयएएसमधल्या मुस्लिमांचं प्रमाण ३ टक्के होतं. कुणीतरी उडी घेतल्याशिवाय हे बदलणार कसं?

दुसरा मुद्दा संशोधनाचा आहे. जिहे शिन आणि कॅथरिन मिल्कमन या दोघींनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की, 'हे जमलं नाही तर काय' याचा आधीच विचार करायला लावलेल्या लोकांची मूळ कामातली कामगिरी घसरली. कारण ते मिळवण्याची ओढच कमी झाली. म्हणजे वक्त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पर्यायाकडे सारखं बघत राहिलं की भूक मरते. हे मी नाकारत नाही.

पण हे त्या कामांना लागू पडतं, जिथे यश तुमच्या मेहनतीवर ठरतं. आपली पोरं ज्या परीक्षांसाठी दोर कापतात, त्यांचं तसं आहे का? २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे दहा लाख अर्ज आले, पूर्वपरीक्षेला जवळपास ५ लाख ९२ हजार बसले आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली. जागा वाढवणं तुमच्या मेहनतीच्या हातात नाही. एमपीएससीचं तर वेळापत्रकही आपलं नसतं. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२३ पासून लागू होणार होता. पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, मग तो २०२५ वर गेला. आणि २०२१ मध्ये याच राज्यात मुख्य परीक्षा पास झालेल्या एका तरुणाने, मुलाखतीची दीड-दोन वर्षं वाट बघून, जीव दिला. मेहनतीत तो कमी पडला होता का?

दोर कापणाऱ्याच्या हातात निकालाची तारीख तरी असावी लागते. इथे तीही नाही.

मग पहिल्या मुद्द्याचं काय? ३ टक्क्यांचं काय? तिथेच तर माझं सगळं म्हणणं आहे. ज्याला महिन्याला थोडे तरी पैसे येतात, तो चार-पाच प्रयत्न देऊ शकतो. ज्याने सगळं जाळलं, तो दुसऱ्या प्रयत्नाला घरच्या फोनला घाबरून गळतो. अमेरिकेतल्या उद्योजकांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राफी आणि फेंग यांच्या अभ्यासात, नोकरी टिकवून व्यवसाय सुरू करणारे आणि मग पूर्णवेळ त्यात उतरणारे, थेट नोकरी सोडून उतरणाऱ्यांपेक्षा बुडण्याची शक्यता एक तृतीयांशाने कमी होती. दोर हा पळून जाण्यासाठीच असतो असं नाही. दम टिकवण्यासाठीही असतो.

बाबासाहेबांनी काय केलं?

आपल्याच राज्यातलं सर्वांत मोठं उदाहरण घ्या. डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ ला लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. तेव्हा त्यांनी जहाज जाळलं नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडनहून घेतली आणि मगच ते निघाले.

परत आल्यावर काय वाट्याला आलं? बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी मुसाफिरखान्यात राहावं लागलं आणि तिथूनही लोकांनी लाठ्या घेऊन हुसकावलं. अन्सार शेख यांनाही पुण्यात खोलीसाठी 'शुभम' हे नाव सांगावं लागलं होतं. शंभर वर्षांत दारावरचा प्रश्न फारसा बदललेला नाही.

पुढे बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये, चार वर्षांची मुदत संपायच्या आत, लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., सोबत बॅरिस्टरी. त्यांच्यापेक्षा जास्त झोकून देणारा विद्यार्थी कोण दाखवाल? पण ध्येयावरची पकड आणि परतीची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. सिडनहॅमचा पगार हा लंडनशी केलेला द्रोह नव्हता. लंडनचं तिकीट त्याच पगारातून निघालं.

नळदुर्गच्या भिंतीकडे बघा

माझ्या धंद्यात रोज हेच चालतं. सर्व्हरवर नवं काम चढवताना जुनी आवृत्ती आम्ही पुसून टाकत नाही. काही बिघडलं तर पाच मिनिटांत मागे येता यावं, अशी सोय आधी करतो. ती सोय असते म्हणूनच नवं काम बेधडक चढवता येतं. 'मागे जायची वाट ठेवली नाही, म्हणून माझा कोड चांगला चालेल' असं कुणी म्हणालं, तर त्याला कुणी वीर म्हणणार नाही. त्याचा सर्व्हर ॲक्सेस काढून घेतील.

हे संगणकवाल्यांचं भित्रेपण वाटत असेल, तर आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गला जा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, तिथे बोरी नदीवर धरणाची भिंत बांधली आणि त्या भिंतीच्या पोटात पाणी महाल. चारशे वर्षं ती भिंत उभी आहे. का? बांधणाऱ्याने नदी अडवायचा पक्का इरादा केला होता, पण पुराचं पाणी जायला सांडवेही ठेवले. पावसाळ्यात लांबलांबून लोक जे नर-मादी धबधबे बघायला येतात, ते या सांडव्यांचंच पाणी आहे. सांडवा ठेवला म्हणून भिंत कच्ची ठरली नाही. सांडवा नसता तर एखाद्या पुरातच भिंत गेली असती.

आपले शेतकरीही हेच करतात. सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असते. एक गेलं तर दुसरं हाताशी राहावं म्हणून. त्याला कुणी सोयाबीनशी बेइमान म्हणत नाही.

काही मुलं मला म्हणतात, "भाई, प्लॅन बी म्हणजे तवक्कुल कमी." त्यांना उंटाची हदीस आठवून देतो. आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, असा तिचा आशय आहे. उंट मोकळा सोडण्याला तवक्कुल म्हणत नाहीत.

मग काय करायचं?

दोस्तांनो, मी ध्येय लहान करायला सांगत नाहीये. यूपीएससी करा, एमपीएससी करा, स्वतःचा धंदा काढा, परदेशी शिकायला जा. पण पर्याय आधी बांधा आणि मग त्याच्याकडे पाठ करा. शिन आणि मिल्कमन यांच्या प्रयोगातून घ्यायचा धडा एवढाच आहे की अभ्यासाला बसल्यावर दोराकडे बघत बसू नका. दोर बांधूच नका असं त्यातून निघत नाही. हातात विकता येईल असं एक काम, पेटीत एक नियमित डिग्री किंवा डिप्लोमा, मग पुढची तीन वर्षं डोकं वर काढू नका.

निघण्याआधी घरात बसून हिशेब मांडा. किती वर्षं, किती पैसे, कुणाच्या खिशातून. तारीख कागदावर लिहा. त्या बैठकीत बहिणीला बसवा आणि तिच्या फीचे पैसे आधी बाजूला काढा. तुमच्या तयारीसाठी तिचं शिक्षण थांबणार असेल, तर ती तयारी तुमच्या जिद्दीवर चाललेली नाही, तिच्या हक्कावर चाललेली आहे.

आणि गुणगौरव भरवणाऱ्या आपल्या संस्थांना, मंडळांना, मोठ्या मंडळींना माझी विनंती आहे. पास झालेल्या एकाला बोलवता, तर पाच वर्षं देऊन परत आलेल्या एकालाही बोलवा. त्याला विचारा, परत आल्यावर कशावर उभा राहिलास? पास झालेल्यालाही विचारा, तुझ्या मेसचे पैसे कोण भरत होतं? आणि त्या माणसाला पहिल्या रांगेत बसवा. वक्त्याला बोलवण्याआधी एवढं तरी बघा की तो ज्या पोरांना दोर कापायला सांगतोय, त्यांच्या अपयशाचं बिल त्याच्या घरी येणार आहे का. ते बिल केळीच्या गाड्यावर येणार असेल, तर बोलण्याचा पहिला हक्क गाडेवाल्या चाचांचा आहे.

त्या चाचांचा नंबर मी तेव्हा घेतला होता. हे लिहायला बसण्याआधी फोन केला. डिप्लोमाचा अर्ज मुलाने मागे घेतला नव्हता. आईने घेऊ दिला नव्हता. तो आता रोज पहाटे दोन तास पेपर आणि एनसीईआरटीची पुस्तकं वाचतो, मग कॉलेजला जातो. "नाराज है थोडा," चाचा म्हणाले.

असू दे नाराज. तो चढतोय, आणि दोर जागेवर आहे.